मंद आचेचा पॅन

नव्या घरासाठी साधा, हजाराच्या आतला नॉनस्टिक फ्राय पॅन घेतलास, हे फार चांगलं केलंस बाळा. दुकानदाराने तिप्पट किमतीचाही दाखवला असेल, पाच थरांचा, दगडी ठिपक्यांचा. तो न घेतल्याची रुखरुख मनात ठेवू नकोस. बिडाचा तवा आजीकडून नातीकडे जातो, पितळेचं पातेलं कल्हई करत करत तीन-तीन पिढ्या चालतं. नॉनस्टिकचं तसं नाही. त्याचा वरचा थर कधी ना कधी जाणारच, स्वस्तातल्याचाही आणि महागातल्याचाही. म्हणून त्यात फार पैसे अडकवायचे नाहीत. साधा घ्यायचा आणि नीट वापरायचा.

नीट वापरायचा म्हणजे काय, ते तुझ्या आईला तिच्या लग्नानंतर सांगितलं होतं, आता तुला सांगते. हा पॅन ओरखड्यांनी मरतो त्याहून जास्त आचेने मरतो. ओरखडा डोळ्यांना दिसतो, म्हणून लोक लाकडी उलथनं हौसेने आणतात आणि गॅस मात्र मोठाच ठेवतात. सहा महिन्यांत डोसा चिकटायला लागला की कंपनीला नावं ठेवतात. बहुतेक वेळा कंपनीचा दोष नसतो. रोज सकाळी घाईत रिकामा पॅन मोठ्या बर्नरवर चढवला जातो आणि मग कोणी दूध बघायला जातं, कोणी फोन घ्यायला. थर बिघडतो तो तेव्हा.

हा थर म्हणजे काय ते एकदा समजून घे, मग बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. त्याचं नाव पीटीएफई; टेफ्लॉन हे त्याचं व्यापारी नाव. १९३८ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट फ्रीजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत होते. एका नळकांड्यातून वायू बाहेर येईना, पण वजन करावं तर पूर्वीइतकंच. कापून पाहिलं तर आत पांढरी, मेणासारखी गुळगुळीत पूड. ती कशालाच चिकटत नव्हती, आम्लालाही दाद देत नव्हती. स्वयंपाकघरात ती यायला बरीच वर्षं गेली. फ्रान्समध्ये मार्क ग्रेगवार हे गृहस्थ मासे पकडण्याच्या साहित्यासाठी हा पदार्थ वापरून बघत होते. हाच थर माझ्या स्वयंपाकाच्या भांड्यांवर लावा, असं त्यांच्या पत्नीने सुचवलं आणि १९५६ मध्ये त्यांची तेफाल कंपनी उभी राहिली. स्वयंपाक करणाऱ्या बाईने सुचवलेली ही वस्तू आहे, हे मला विशेष वाटतं.

आता जो पदार्थ कशालाच चिकटत नाही, तो पॅनला तरी कसा चिकटतो? कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग आधी मुद्दाम खरखरीत करतात आणि त्यावर हा थर लावून भट्टीत भाजतात. त्या खरखरीत खाचांमध्ये तो रुतून बसतो. पॅन वारंवार अति तापवला, तापलेल्यावर गार पाणी ओतलं, की ही पकड सैल होत जाते. आधी पदार्थ चिकटायला लागतात, मग फोड आल्यासारखे ठिपके दिसतात, मग पापुद्रे.

पीटीएफई वितळतं ३२७ अंश सेल्सिअसच्या आसपास, पण २६० अंशांच्या पुढेच ते हळूहळू बिघडायला लागतं. तू म्हणशील, एवढं तापमान घरात कुठे? पॅनमध्ये पीठ, भाजी, अंडं असेल तर त्यातलं पाणी उष्णता खात राहतं आणि पॅन फारसा तापत नाही. रिकामा पॅन मोठ्या आचेवर मात्र काही मिनिटांतच २६० ओलांडतो, आणि स्वस्तातला पॅन पातळ असतो म्हणून तो आणखी लवकर. म्हणजे स्वस्त पॅन वाईट नसतो, तो उतावळा असतो. त्याच्याशी सबुरीने वागायचं.

तेव्हा लहान बर्नर वापर. ज्योत पॅनच्या बुडाखालीच राहिली पाहिजे, काठावरून वर आलेली दिसता कामा नये. ती वर आली की काठावरचं तेल जळून तपकिरी कडं धरतं, आणि बॅकेलाइटची मूठ करपून तिला जन्मभराचा वास लागतो. पॅन ठेवल्यावर लगेच अर्धा चमचा तेल घालून पसरव आणि मंद आचेवर एखादा मिनिट थांब. तेल आत असलं की ते तुला सांगतं. पातळ होऊन सहज सरकायला लागलं, हलकेच चकाकलं, की पॅन तयार. धूर दिसला तर पॅन गरजेपेक्षा फार पुढे गेलाय. गॅस बंद कर आणि निवू दे. तेलाऐवजी लोणी घातलंस तर आणखी चांगलं कळतं. लोण्याला शांतपणे फेस आला तर आच बरोबर. घातल्याबरोबर ते तपकिरी पडलं तर आच जास्त.

इथे एक गंमत सांगते, कारण आपल्या घरातल्या सगळ्यांना हीच सवय असते. तुझी आजी बिडाच्या तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडायची. थेंबाचे मोती होऊन पळायला लागले की तवा तापला. ती परीक्षा बिडासाठी आणि लोखंडासाठी अगदी खरी आहे. नॉनस्टिकवर ती फसवते. तिथे पाण्याचा मोती थंड पॅनवरसुद्धा होतो, कारण हा थर पाण्याला जवळच करत नाही. म्हणून थेंबाचा आकार बघू नकोस, आवाज ऐक. हलकासा छुस्स आवाज आला की पुरे.

इंडक्शन शेगडी असेल तर आणखी जप. गॅसची ज्योत डोळ्यांना दिसते, तिथे काहीच दिसत नाही, आणि बूड क्षणात तापतं. कमी वॅटवरच सुरू कर, मोठ्यावर ठेवून नंतर कमी करायचं असं नको. आणि पॅन इंडक्शनवर चालतो का, हे घरी येऊन कळण्यापेक्षा दुकानातच बघावं. फ्रीजवरचा चुंबक बुडाला घट्ट चिकटला तर चालेल.

आता या पॅनमध्ये काय करायचं. ज्या पदार्थाला मंद आच किंवा सैल पीठ लागतं, ते सगळं याचं. ऑम्लेट, टोमॅटोचं ऑम्लेट म्हणतो ते बेसनाचं धिरडं, मुगाचं धिरडं, उत्तप्पा, पनीरचे तुकडे, परतलेले बटाट्याचे काप. थालीपिठासाठी तर नॉनस्टिकइतकं सोयीचं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. थालीपीठ गार तव्यावर थापायचं असतं, भोकं पाडून त्यात तेल सोडायचं, झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर निवांत होऊ द्यायचं. सगळीच कृती या पॅनच्या स्वभावाला धरून आहे. अडचण येते दुसऱ्या थालीपिठाला, कारण तोवर पॅन गरम झालेला असतो. तेव्हा लोक तो नळाखाली धरतात. तसं कधीच करू नकोस. ओल्या रुमालावर किंवा केळीच्या पानावर थालीपीठ थाप आणि अलगद पॅनवर उलटं कर. भाजणीची थालीपिठं माझ्या माहेरी अशीच होत आणि एकामागोमाग एक भरभर उतरत.

डोशाचं तंत्र मात्र शिकावं लागतं. नव्या मुलांची तक्रार असते की पीठ पसरतच नाही, डावाबरोबर गोळा होऊन फिरतं. त्याची कारणं दोन: पॅन फार तापलेला आणि त्यावर तेल फार. बिडावर आधी तेल फिरवतात. तिथे ते लागतं, इथे नाही. पॅन बेताचा तापला की ओल्या सुती फडक्याने पटकन पुसून घे, मग आच अगदी कमी करून पीठ घाल आणि मधून बाहेर हलक्या हाताने फिरव. डोसा पसरला की आच थोडी वाढव आणि तेव्हा कडेने तेल सोड. प्रत्येक डोशाआधी ओलं फडकं. त्यामुळे जादा तेल निघतं आणि पॅनचं तापमानही खाली येतं. डाव टेकवून घासायचा नाही, पिठावरून तरंगत फिरवायचा.

घावनाबद्दल खरं सांगते. कोकणात घावन करतात ते कडक तापलेल्या बिडावर, आणि पीठ पडताक्षणी त्याला जाळी पडते. ती जाळी त्या आचेची असते. नॉनस्टिकवर तेवढी आच द्यायची नाही, म्हणून तिथलं घावन मऊ होईल, सुटेलही छान, पण जाळी थोडी कमी. मनासारखं घावन हवं असेल तर बिडाचा एक लहान तवा घेऊन ठेव. दोन भांडी दोन स्वभावांची असतात. एकाकडून दुसऱ्याचं काम करून घेऊ नये.

मासे तळायला हा पॅन फार चांगला. सुरमईची तुकडी रव्यात घोळवून मध्यम-मंद आचेवर ठेव आणि मग तिला हात लावू नकोस. कड सोनेरी दिसली की एकदाच उलट. बोंबील मऊ असतात, लोखंडी तव्यावर नवख्याच्या हातून मोडतात. इथे सुटून येतात. मात्र मसाल्याचे जळके कण मागे राहतात, ते पुढच्या तुकडीआधी लाकडी उलथन्याने बाजूला काढायचे, नाहीतर ते करपून थराला धरतात.

याच्यात करायचं नाही ते ऐक. फोडणी नाही. मोहरी तडतडायला तेल चांगलं कडकडीत लागतं आणि आपलं लक्ष तेव्हा जिरं-हिंगाकडे असतं. त्यासाठी लोखंडी कढलं आहे. शेंगदाणे, सुकं खोबरं, गरम मसाला भाजायचा नाही. कोरडं भाजणं म्हणजे रिकामा पॅन तापवण्यासारखंच. भाकरी नाही, फुलके नाहीत. भाकरीला कडक तवा हवा, आणि पोळीची पिठी थरावर जळून बसते. पापड नाही, भरताचं वांगं तर नाहीच. आणि रात्रीची उरलेली आमटी याच्यात झाकून ठेवायची नाही. मीठ आणि आंबट पदार्थ तासन्‌तास राहिले की जिथे थर थोडा जरी फाटलेला असेल तिथून आतलं अ‍ॅल्युमिनियम खायला लागतात.

तेलाचं म्हणशील तर थोडं घालावं, अजिबात नाही असं करू नये. थेंबभर तेलाने उष्णता सगळीकडे सारखी पोचते. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल मात्र आणू नकोस. त्यात लेसिथिन घातलेलं असतं, ते थरावर चिकट पापुद्र्यासारखं बसतं आणि घासून जात नाही.

उलथनं लाकडी, सिलिकॉनचं किंवा नायलॉनचं. स्टीलचा चमचा, काटा, सुरी आत जाऊ द्यायची नाही, ऑम्लेटचे दोन भाग करायलासुद्धा नाही. ते ताटात करावे.

आता घासणं, आणि इथेही पुष्कळ पॅन जातात. पॅन उतरवल्यावर सरळ सिंकमध्ये टाकून नळ सोडायचा नाही. तो चर्रर्र आवाज म्हणजे पॅनचं बूड वाकण्याचा आवाज समज. पातळ अ‍ॅल्युमिनियम एकदम आकसतं, मध्ये फुगवटा येतो, आणि त्यानंतर तेल कायम कडेला जाऊन बसतं, मधला भाग कोरडा जळतो. पंधरा-वीस मिनिटं निवू दे. मग कोमट पाणी, द्रवरूप साबणाचे दोन थेंब आणि मऊ स्पंज. तारेची घासणी नाही, काथ्या नाही, राख नाही, भांडी घासायची पावडर नाही. हिरवी खरखरीत घासणीही नाही; ती मऊ वाटते, पण तिच्यातही घासणारे कठीण कण असतात. काही चिकटलंच तर पॅनमध्ये कोमट पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून अर्धा तास ठेव, आपोआप सुटतं. बाहेरच्या बाजूला साचलेलं तेलही वेळच्या वेळी काढत जा, त्याचाच पुढे काळा कीट होतो.

घरी भांड्यांना ताई येत असतील तर त्यांच्यावर हा भार टाकू नकोस. त्यांना एका तासात घरभराची भांडी घासायची असतात, त्यात एका पॅनसाठी वेगळा स्पंज शोधायचा वेळ त्यांना नसतो, आणि मग ओरखडे पडले की त्यांनाच बोलणं बसतं. हे न्यायाचं नाही. नॉनस्टिक पॅन सिंकमध्ये ठेवूच नये. जेवण झालं की आपला आपण धुवावा. दोन मिनिटांचं काम आहे. मी तुझ्या काकांनाही हीच सवय लावली आणि त्यांनी ती आजवर पाळली आहे.

धुतल्यावर कोरडा पूस आणि टांगून ठेव. जागा नसेल आणि दुसऱ्या भांड्यांबरोबर रचावा लागलाच तर वर-खाली जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा घाल. कुकरचं झाकण, किसणी, असलं काही त्याच्यावर ठेवायचं नाही. मुठीचा स्क्रू मधूनमधून आवळत जा. गरम तेलाच्या पॅनची मूठ फिरली तर भाजण्याचा धोका असतो.

लोक घाबरवतात त्याबद्दलही नीट माहिती असू दे. पूर्वी हा थर तयार करताना पीएफओए नावाचं रसायन वापरत. ते शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला, २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत ते आलं, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. म्हणून नवा पॅन घेताना खोक्यावर पीएफओए-मुक्त असं लिहिलेलं बघून घे. एवढं लक्षात ठेव की तसं लिहिलं म्हणजे पॅनवर टेफ्लॉन नाही असं होत नाही. थर बहुधा पीटीएफईचाच असतो, फक्त तो करताना ते रसायन वापरलेलं नसतं. मंद आचेचा नियम कायम राहतो. चुकून एखादा पापुद्रा पोटात गेला तर घाबरू नकोस, तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. खरी काळजी धुराची. पॅन विसरून फार तापला तर गॅस बंद कर, खिडक्या उघड, पंखा लाव आणि थोडा वेळ स्वयंपाकघराबाहेर थांब. त्या धुराने माणसाला ताप-थंडी भरल्यासारखं होऊ शकतं. घरात लव्हबर्ड्‌स किंवा बजी असतील तर पिंजरा स्वयंपाकघरापासून लांबच ठेव. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. माणसाला जाणवणारही नाही एवढ्या धुराने ते दगावतात.

पुढचा पॅन घेशील तेव्हा झगमगीत रंगाला भुलू नकोस. हातात घेऊन वजन बघ. बूड अडीच-तीन मिलिमीटर जाड असेल तर उष्णता सारखी पसरते आणि पॅन लवकर वाकत नाही. ओट्यावर ठेवून डुगडुगतो का बघ. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० हे भारतीय मानक आहे, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा करण्याचा आदेश काढला. तो शिक्का शोध. सिरॅमिकचा पांढरा थर असलेले पॅन हल्ली फार दिसतात. ते पीटीएफईचे नसतात आणि जास्त आच सोसतात, पण त्यांचा न चिकटण्याचा गुण बहुधा लवकर जातो. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड हे वेगळंच; ते अ‍ॅल्युमिनियमच कठीण केलेलं असतं, टिकाऊ, पण त्याच्यावर पुन्हा थर नसेल तर पदार्थ चिकटतो.

आणि टाकायचा कधी? रंग फिका पडला, एखादी बारीक रेघ दिसली म्हणून नाही. पदार्थ रोज चिकटायला लागले, थराचे पापुद्रे निघायला लागले, खालचा चंदेरी धातू उघडा दिसायला लागला, की टाकायचा. नवा थर लावून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस. तो कोणता माल वापरतो ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि स्वस्त पॅनला तो खर्च परवडतही नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. असा थर गेलेला पॅन भांड्यांच्या ताईंना किंवा वॉचमनच्या घरी देऊ नकोस. आपल्या घरी ज्यात शिजवणं योग्य नाही, त्यातलं त्यांच्या मुलांच्या ताटात तरी का जावं? द्यायचाच असेल तर नवा घेऊन दे. जुन्याची मूठ स्क्रू काढून वेगळी कर आणि पॅन भंगारवाल्याला घाल. अ‍ॅल्युमिनियमला किलोवर भाव मिळतो.